दुसऱ्या भागाचे गुण-दोष

९ जानेवारी २०१८, लातूर

आज मी एकाला गोळ्या घातल्या. माणूस म्हणावं असं त्यात काही उरलेलं नव्हतं — सडलेला, डोळे नसलेला, अंगात दवाखान्याचा झगा. सहा गोळ्या झाडल्या, पाच भिंतीत गेल्या.

रुद्राणीच्या लॅपटॉपवर हा गेम सापडला. लॅपटॉप घेतला तो टेस्ट सिरीजसाठी. पोरगी मेडिकलच्या नीटला दुसऱ्यांदा बसणार. हे नांदेडला टाकू म्हणत होते, लातूरचा हट्ट माझा. उदगीरच्या शाळेतली नोकरी सोडून तिला करून घालायला या खोलीत येऊन राहिले, हे तिकडे दुकानात एकटे — आणि लॅपटॉपमध्ये भुतं! विचारलं तर म्हणाली, "संध्याकाळी अर्धा तास खेळते मम्मी." हल्ली दिवसाला चार वाक्यं बोलते. त्यातलं एक यात गेलं.

म्हटलं, बघू तरी काय आहे एवढं. ती सातला क्लासला जाते, दोनला येते. पूजा आणि स्वयंपाक आटोपला की खोलीत मी आणि पाण्याचा जार.

१२ जानेवारी

बारा वर्षं पोरांकडून रसग्रहण लिहून घेतलं. सवय जात नाही.

गुण — अंधार. बॅटरीचा उजेड पडेल तेवढंच दिसतं, बाकीचं आपलं मन घडवतं. दोष — भूत कोपऱ्यातूनच येणार हे तिसऱ्या खोलीत कळून चुकतं. भाषा सुमार. दहापैकी सहा.

मालकीणबाई गुणाबाई दारात येऊन उभ्या. "काय ओ बाई, बंदुका कशाच्या वाजायल्यात?" म्हटलं, सिरियल. "कुठली ओ? मलाबी सांगा की!"

२३ जानेवारी

हसली! निकालानंतर पहिल्यांदा हसली!

झालं असं की तिसऱ्या मजल्यावरचं लोखंडी दार मला चार दिवस उघडेना. शेवटी जेवताना लाज सोडून विचारलं. तिचा घास हातातच. "मम्मी, तू खेळायलीस?" आणि मग जी हसत सुटली, ठसका लागला तिला.

मग तासभर शिकवत होती. हा गेमचा दुसरा भाग; पहिला तिने मागच्या वर्षी खेळलाय. "पहिल्यात गोळ्या मोजून मिळायच्या, म्हणून भीती खरी वाटायची. ह्यात ढिगानं देतात. राक्षसबी ढिगानं. आणि त्यात आपण एकटं असायचो. ह्यात कानात एक बाई सारखी बोलायलीय — पुढं जा, सगळ्यांची आशा तुझ्यावर हाय. ती बंदच करता येत न्हाई."

लिहून ठेवलं. दोष तिसरा : निवेदिकेचा आवाज बंद करण्याची सोय नाही.

२४ जानेवारी

आज पुन्हा खेळलो दोघी. ती बंदूक, मी बॅटरी.

५ फेब्रुवारी

आज कोसळलेल्या इमारतीचा टप्पा आला. ढिगाऱ्यातून रांगत जायचं. रांगता रांगता खालून आवाज — कुणीतरी आतून ठोकतंय.

मी लॅपटॉपचं झाकण आपटलं.

तो आवाज बरोबर केलाय. पैकीच्या पैकी. आमच्या गावात, किल्लारीपासून चार कोसांवर, भूकंपाच्या त्या पहाटे माझी धाकटी बहीण शिवकन्या भिंतीखाली गेली. मी चौदाची, ती नऊची. दुपारपर्यंत ठोकत होती. अप्पा आणि मी दगड उचलत होतो, एक काढला की वरून दोन यायचे. मग ठोकणं थांबलं.

लेकीला हे कधी सांगितलं नव्हतं. आज सांगून टाकलं. तिने लॅपटॉप बाजूला सारला. मग म्हणाली, "तुला आवाज येत होता, तरी काहीच करता आलं न्हाई?"

"न्हाई."

ती माझा हात धरून बसली. काहीतरी बोलणार असं वाटलं. आठ वाजले होते. मीच म्हणाले, ऊठ, अभ्यासाला बस.

१४ फेब्रुवारी

क्लासच्या टेस्टमध्ये ३१२ पडले म्हणाली. सातशेवीसपैकी. मागच्या वेळी ३४० होते.

१५ फेब्रुवारी

झोप नाही. आम्ही दोघी भुतं मारत बसलो तो सगळा वेळ डोळ्यापुढे येतोय. आई म्हणून इथे आले ती कशाला? पण ती बोलते ती फक्त तेव्हाच! गेम काढला तर पोरगी जाते, ठेवला तर परीक्षा जाते. काय करू, कुणाला विचारू?

१ मार्च

आता २८७.

यांना फोनवर सगळं सांगून टाकलं. भडकले. "तू राखण करायला गेलीस का खेळायला? आजच्या आज काढून टाक ते." बरोबरच आहे त्यांचं.

२ मार्च

काढून टाकला. आम्ही शेवटच्या मजल्यावर पोचलो होतो. रुद्राणीला सांगितलं. वाटलं रडेल, भांडेल. "बरं," म्हणाली आणि पुस्तक उघडलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

९ मार्च

दिवसाला तीन वाक्यं.

१६ मार्च

क्लासच्या ऑफिसात गेले, तिच्यासाठी जादा तास मिळेल का विचारायला. काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टर उलटलं, पुन्हा उलटलं. "ही मुलगी दिवाळीपासून येतच नाही ओ. कितीदा मेसेज टाकले आम्ही." पालकांचा म्हणून दिलेला नंबर रुद्राणीचाच होता.

म्हणजे टेस्टचे मार्कही तिनेच मनाने ठरवले. आणि ठरवले तेही कमीच. पाच महिने सात ते दोन कुठे बसत असेल? थंडीत कुठे बसली असेल?

दोनला आली. हातपाय धुतले, ताटावर बसली. आज क्लासमध्ये ऑप्टिक्स संपवलं म्हणाली. मी भाकरी वाढली. मग विचारलं, "अवघड होतं का गं?"

"लई," म्हणाली.