बटणांची पट्टी

धाराशिव
७ मे

चि. राजेश्वरीस आप्पांचा आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी सौ. लिहायची हाताला सवय. पेन तिथंच थांबलं, एक कागद वाया गेला. हा दुसरा. इकडं सगळे बरे आहेत.

कॉम्प्युटरवरच्या तुझ्या बटणांच्या पट्टीला खरा खर्च किती आला, ते आज मोजलं. पैसा एकही नाही. तुझ्या अकरा दुपारी, तेवढ्याच निवलेल्या भाकरी, आणि नंदीशचं एक रुसणं. "बायको माझी का मातीची?" म्हणाला होता.

नमुना, सामू, नत्र, खत, आणि छपाईला ते हसरं पिवळं तोंड. पाच बटणं दाबली की शेतकऱ्याच्या मातीचा रिपोर्ट हातात. आधी तुझ्या मशीनवर केलंस, मग वायरीनं बाकीच्या तिन्हींवर तीच पट्टी आणलीस. तेव्हापासून मी येईल त्याला ऐकवायचो, सायकलवर मातीच्या पिशव्या वाहून हे परीक्षण केंद्र उभं केलंय, इथं कुणावाचून काही अडत नाही. चारी मशीन सारख्या, कुणीही बसा. तू गेल्यावर तर जास्तच ऐकवायचो.

तू गेल्यापासून तुझी मशीन मी बंद करू दिली नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तिचा पंखा खरखरतो, बाहेर ओट्यावर बसलो तरी ऐकू येतो. सोमवारी तो थांबला. आत गेलो तर मिनाज, नवी ऑपरेटर, फडक्यानं तुझी मशीन पुसत होती. म्हणाली, "सात महिने झाले आप्पा, कुणासाठी चालू ठेवलीय? बिचारी तापून गेलती." तिची चूक नाही.

मंगळवारी सकाळी तिन्ही मशीनवरची पट्टी गायब. तेर गावच्या लोकांचे एकोणीस नमुने तपासून तयार, रिपोर्ट काही निघेना. दुरुस्तीवाल्या तौसिफला बोलावलं. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "बटणं ह्या तिघींत कधी नव्हतीच आप्पा. फाईल भाभीच्या मशीनमधी हाय. ह्या रोज सकाळी तिच्याकडनं मागून घेत्यात."

तुझी मशीन लावली तर ती पासवर्ड मागते. "तोडून उघडू का?" म्हणाला. नको म्हटलं.

पासवर्ड फोनवरही विचारता आला असता. फोन तू उचलतेस, "बरी आहे आप्पा" म्हणतेस आणि ठेवतेस. म्हणून कागद घेतला.

माझे कान तिखट, असं तू चेष्टेनं म्हणायचीस. तर ऐक. नंदीश गेल्याला महिना झाला होता. तुझी सासू माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पेरणीला निघालेल्या माणसाला पहिला कागद तिच्या हातनं नको. तिला आत बसवा." काचेपलीकडं तुझी टकटक चालू होती. ती थांबली. म्हणजे तू ऐकलंस. तू ऐकलंस हेही मला ऐकू आलं. मी पेपरचं पान उलटलं, एवढंच केलं. थोड्या वेळानं टकटक पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तू सास्तूरला माहेरी निघालीस. पिशवी घेऊन मी स्टँडवर आलो, तेव्हा आपण एसटी किती उशिरा सुटते यावर बोललो.

काल तुझ्या सासूला सांगितलं, रिपोर्ट राजेश्वरीच देईल, ज्याला चालत नसेल त्यानं लातूर गाठावं. सांगताना मला बरंही वाटलं नाही, वाईटही नाही. हल्ली तसंच असतं.

पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पाठवलास तरी काम होईल, मी काही म्हणणार नाही. स्वतः येऊन टाकलास तर तुझी खुर्ची पुढच्याच खोलीत आहे. आत हलवलेली नाही.

तेरचे एकोणीस रिपोर्ट मी हातानं लिहायला घेतलेत. दिवसभरात चार झाले. त्यातले दोन चुकले.

ऐकून गप्प बसलेला,
आप्पा