डाव्या हाताचा पीळ

१२ फेब्रुवारी, सायंकाळ

प्रिय धाकट्या,

दादाचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तूही ठीक असशील; साहेबांनी टेबल-खुर्ची दिली म्हटल्यावर निदान पाठ तरी दुखत नसेल. तुझ्या वहिनीने बैठकीची खोली निळी रंगवून घेतली आणि आता तिलाच ती आवडत नाही. छोटी मला भाषणात अडवायला लागली आहे. "बाबा, हे तुम्ही कालही म्हणालात." संघटनेच्या समितीतही कुणाची एवढी हिंमत नाही.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुला वाटेल. त्याच्यावर येतो.

आमची टोळी सध्या मोठ्या चौकापासून कापडाच्या गोदामापर्यंतची जुनी, शिशाच्या आवरणाची केबल बदलते आहे. येत्या रविवारी सकाळी सगळे फोन नव्या केबलवर घ्यायचे. हे काम तू माझ्याच हाताखाली शिकलास. प्रत्येक फोनची तारांची जोडी ओळखायची, नव्या जोडीशी सांधायची, दोन्ही टोकांच्या माणसांची खात्री पटली की मगच जुनी कापायची. घाई केली की दवाखान्याचा फोन मुका होतो आणि शिव्या आपण खातो.

परवा गोदामापाशी मॅनहोलमध्ये उतरलो. आधी वायू तपासला, पंख्याने आत ताजी हवा सोडली, तोंडाशी पैलवानाला बसवलं. आमच्या टोळीतला हा सगळ्यात हडकुळा माणूस, म्हणून पैलवान. जुना सांधा उघडून एकेक जोडी तपासत गेलो, तर एका जोडीला दुसरीकडे जाणारा फाटा निघाला. नकाशात तिथे फाटा नाही. ती जोडी माझ्या घरच्या फोनची होती.

ती जोडी मी पुन्हा तपासली, मग तिसऱ्यांदा. वरून पैलवान ओरडला, "दादा, जिवंत आहात का? का खाली तारांना भाषण देताय?"

"दोर धरून बस आणि तोंड बंद ठेव!"

"तोंड बंद ठेवलं तर तुम्ही बेशुद्ध पडल्याचं सांगणार कोण?"

मी हसलो नाही. संप फुटल्यापासून या पैलवानावरही माझा संशय होताच. फार हसतो म्हणून. खजिनदारावर होता, कारण तो फार गप्प असतो. वहिनीलासुद्धा विचारून बसलो, "फोनवर तू कुणाकुणाशी बोलतेस?" तेव्हापासून ती मला निरोप छोटीकरवी देते. मी आयुष्यभर फितुरीचे इतिहास वाचले. पुस्तकातला फितूर शेवटच्या प्रकरणात तरी सापडतो. इथे रोज सकाळी नवा सापडायचा आणि संध्याकाळी निर्दोष ठरायचा.

संपाची तारीख आम्ही याच फोनवर ठरवली होती. त्या दिवशी फाटकावर गेलो तर बाहेरून कुलूप आणि आत बदली माणसं. संप मोडला आणि आपल्या चौघांना बडतर्फ केलं. त्यांतला एक आता बायकोच्या माहेरी राहतो आणि मला रस्त्यात पाहिलं की फूटपाथ बदलतो. मी व्यासपीठावरून शपथ घेतली की फितुराचं नाव याच जागेवरून घेईन. टाळ्या पडल्या. रविवारी संध्याकाळी पुन्हा सभा आहे आणि लोक नाव मागणार आहेत.

तेव्हा तुला काही साधे प्रश्न. गोदामाच्या मॅनहोलमध्ये गेल्या वर्षी कुणाची टोळी उतरली होती? झाकणाची किल्ली कुणाकडे होती? तिथे काम करताना तुला काही वेगळं दिसलं का?

पुरे. ही वकिली मला जमत नाही.

त्या फाट्याच्या तारांना पीळ उलटा होता. आम्ही सगळे एका बाजूला पिळतो. तुझा हात डावा, तुझा पीळ दुसऱ्या बाजूला जातो. "तुझा सांधा मी अंधारात बोटांनी ओळखीन," असं मीच तुला म्हणायचो आणि तू खूश व्हायचास. दुसरा डावरा जोडारी या गावात नाही. तरी मनाची समजूत घालायला त्या फाट्याच्या तारेत शिट्टीसारखा टोन सोडला आणि ऐकण्याचं यंत्र घेऊन एकेक खांब, एकेक डबा धुंडाळत गेलो. आवाज शिंप्याच्या जिन्यातल्या डब्यात निघाला. तिथून तार वर, मागच्या खिडकीत. तुझ्या खोलीत.

मी घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "ऐकत होता? रोज?"

"रोजचं मला काय माहीत?"

"मग मेल्याने एकदा तरी खाकरायचं!"

मग तिने कपाटातून गुडघ्याला बांधायचा पट्टा काढला. थंडीत पार्सलने आला होता, पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मला वाटलं होतं मावशीने पाठवला. "गुडघ्याचं मी फक्त तिलाच सांगितलं होतं," आई म्हणाली, "फोनवर. आणि तिने काही पाठवलेलं नाही. मी विचारलंय."

आता तूच सांग, मी काय समजू? पट्टा खरा आहे. फाटकाचं कुलूपही खरं आहे. तू साहेबांच्या बाजूला गेलास त्या दिवसापासून या घरात तुझं नाव कुणी काढायचं नाही असा माझा हुकूम होता, आणि दुपारी मी कामावर गेलो की आई मावशीशी तुझ्याविषयीच बोलायची, हेही मला परवाच कळलं. तू ते ऐकायला तार ओढलीस? का संध्याकाळी मी काय बोलतो ते ऐकायला? का आधी ते आणि मग हे?

मी तो सांधा होता तसा बंद करून वर आलो. समितीला सांगितलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ बोलायला काही आहे आणि मी गप्प आहे.

रविवारी सकाळी फाटा कापला जाईल. नव्या केबलमध्ये त्याला जागा नाही. संध्याकाळी मी व्यासपीठावर सांगणार, की माझ्या फोनला फाटा माझ्या सख्ख्या भावाने जोडला. तेवढं मला माहीत आहे. तारीख साहेबांना कुणी दिली ते माहीत नाही, म्हणून ते मी बोलणार नाही, कितीही आरडाओरडा झाला तरी. ते तू येऊन सांग. फोनवर नको. फोनवर मी भावाशी बोलतोय का त्याच्या साहेबाशी, हे मला कळणार नाही. त्या चौघांसमोर उभा राहून सांग. नाही आलास, तर तेही उत्तरच समजेन.

हे लिहीत असताना आई पलीकडे मावशीशी फोनवर बोलत होती. मावशीने कधीच ठेवला. आई अजून रिसीव्हर कानाशी धरून बसली आहे आणि विचारते आहे, "जेवलास का? अंगावर जाड पांघरूण घेतोस ना?" मग थोडा वेळ गप्प राहते, जणू पलीकडून कुणी बोलतंय.

मी तिला थांबवलेलं नाही.

रविवारपर्यंत तरी तुझा,
दादा