दोन्ही पायांनी ब्रेक

आबा,

परवा मी गाडीखाली झोपले होते. सत्तरी ओलांडलेली बाई गोणपाट अंथरून पिकअपखाली सरकतेय म्हणल्यावर गल्लीला करमणूकच. समोरची बाई गॅलरीतनं ओरडली, "आज्जी, पडलात का वं?" म्हणलं, "पडले नाय, बघतेय. तू तुझं दूध बघ, उतू चाललंय." तुम्ही असता तर हसला असता, त्या तुमच्या खोकल्यासारख्या हसण्यानं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला आता फोटो लागतो. हात मात्र फोटोशिवाय दिसतात. म्हणून लिहायला बसले. दुसरीपर्यंत शिकवलंत, त्यात जेवढं बसतंय तेवढं लिहिते. जोडाक्षर चुकलं तर दोष तुमचा.

गाडी तुमच्या पणतीची, म्हणजे माझ्या नातीची. जुनी पिकअप आहे, पोरीपेक्षा चार-दोन वर्षांनीच लहान असंल. पाचोडला मोसंबी भरायची आणि इथं शहरात मार्केटला आणायची, हे ती तीन वर्षं करतेय, आणि चांगलं करतेय. पण दोन महिने झाले, गाडी पुढनं थरथरायला लागली. थरथर म्हणजे साधी नाही. पन्नास-साठचा वेग धरला आणि एखादा खड्डा नाहीतर पुलाचा सांधा लागला की पुढची चाकं पिसाळल्यासारखी डावी-उजवी आपटतात. स्टिअरिंग हातात राहत नाही, सगळा पत्रा वाजतो, आणि गाडी जवळजवळ उभी करेपर्यंत ते थांबत नाही. "आज्जी, कुणीतरी हातातनं हिसकून घेतंय असं वाटतं," पोरगी म्हणाली. आडूळच्या अलीकडं एक जोडपं मोटारसायकलवर होतं, मधी लेकरू. हातभर अंतरानं वाचले. हे तिनं मला एकटीलाच सांगितलं. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या लेकाला, निम्मंच कळलं, तरी त्यानं हुकूम सोडला: अजून एकदा गाडी हलली की गाडी भंगारात आणि पोरगी घरात. घरात म्हणजे काय ते मला माहीत आहे. मला बारावं लागलं तेव्हा आईनं गॅरेजातनं अशीच घरात आणली होती, आणि तुम्ही मान खाली घालून पाना पुसत राहिला होतात.

तर तीन गॅरेजं झाली. एकानं टायर बदलले, एकानं अलाइनमेंट केली, तिसऱ्यानं स्टिअरिंगला धक्का बसू नये म्हणून डँपर नवा टाकला. त्यानं आठ दिवस बरं वाटलं, परत तेच. रडणाऱ्या लेकराच्या तोंडावर हात ठेवला म्हणजे त्याची पोटदुखी गेली व्हय? "हलतंय कोण ते सगळ्यांना दिसतं, हलू कोण देतंय ते शोध," असं तुम्ही म्हणायचा. शोधायची तुमची रीत मला अजून पाठ आहे, कारण त्या रीतीत निम्मी मी होते.

मोंढ्यामागं लिंबाखाली तुमचं गॅरेज. पोलीस ॲक्शननंतर लष्करानं टाकलेल्या गाड्या खोलून-जोडून तुम्ही शिकलात, एका उस्तादाच्या हाताखाली, आणि बोलणंही त्याचंच उचललंत: "पयले हात, फिर पाना." गाडी पुढनं हलते म्हणून आली की तुम्ही चाक जॅकवर उचलता, एक हात चाकाच्या डोक्यावर, एक पायथ्याशी, आणि रेटून बघता. मी आठ-नऊ वर्षांची, ड्रायव्हरच्या जागी. चाक सैल लागलं की तुमची हाक येते, "दाब!" मी स्टिअरिंगला लोंबकळत दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहते. ब्रेक दाबल्यावर चाकाचं हलणं बंद झालं तर दोष बेअरिंगचा. नट आवळला की काम झालं. दाबूनही हललं तर किंगपिन झिजलेली, म्हणजे ज्या खिळीवर चाक वळतं तीच. ती काढायची तर दिवसभर घण मारायचा. दुसऱ्या कुणाला तुम्ही त्या जागी बसवलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "माझी पोर दाबला म्हणली की दाबला."

सिल्लोडच्या एका शेठचा कापसाचा ट्रक आला होता, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. चाक सैल होतं. तुम्ही खालून विचारलं, "दाबलाय का?" मी वरनं म्हणलं, "दाबलाय." चाक हललं तसंच. तुम्ही किंगपिन काढायला घेतली. गंजून बसलेली, निघता निघेना. घण घसरला आणि डाव्या अंगठ्यावर बसला. फडकं बांधून परत मारायला लागलात. दिवस कलला तेव्हा ती बाहेर आली, आणि नव्यासारखी चकचकीत. शेठ हसला, "मिस्त्री, आता चष्मा घ्या!" तुम्ही पिन उलटीपालटी करून बघितली, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "चुकलं माझं." मग पिन परत बसवली, बेअरिंगचा नट आवळला, ट्रक मुकाट निघून गेला. अंगठ्याचं नख काळं पडलं, गळालं, नवं आलं ते वाकडं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुमचा हात हातात घेतला की माझं बोट आपोआप त्या नखावर जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्यापुढं बाभळीचा एक ठोकळा ठेवलात. माझे दोन्ही पाय मावतील एवढा, कडा घासून गोल केलेल्या, कुठल्याही गाडीच्या ब्रेकला बांधता यावा म्हणून खाली चामड्याचा पट्टा. म्हणालात, "पाय पोचत नव्हता तुझा. माझ्या ध्यानात यायला पायजे होतं." मी ठोकळा घेतला आणि गप बसले. गप बसायची सवय मला नव्हती, तरी तुम्ही कारण विचारलं नाही.

परवा मी तुमच्याच रीतीनं गेले. आधी खाली झोपून, नातीला स्टिअरिंग हलवायला लावून, एकेका सांध्याला बोट लावलं. सांधे घट्ट. मग चाकं उचलली. डावं चाक शांत. उजवं रेटलं तर हाताला टक्‌ टक्‌ लागलं. ओरडले, "दाब!"

"दाबलाय, आज्जी."

रेटलं, तर चाक माझ्या हातात पाव वेढा फिरलं. ब्रेक दाबलेलं चाक कधी फिरतं का? कंबर धरून उठले, बघते तर बाई मोबाईलात, पाय खाली.

"झूट बोलतीस?"

"आज्जी, एकच मेसेज होता गं."

"त्या मेसेजला विचार मग, किंगपिन हाय का बेअरिंग. आडूळचं लेकरू इसरलीस व्हय? दोन्ही पायांनी दाब!"

तिनं दाबला. चाक फिरायचं थांबलं, पण टक्‌ टक्‌ राहिलं. किंगपिन. शोध लागला म्हणून मी उड्या मारायच्या, तर मी चाक धरून तशीच बसले. वरनं पोरगी विचारतेय, "आज्जी, सोडू का?" आबा, माझ्या अडाणी हाताला चाक फिरलेलं कळलं. तुमच्या हाताला त्या दिवशी कळलं नसंल? चाक तुमच्या हातात फिरलं असणार. वरनं मी दाबलाय म्हणलं, आणि तुम्ही हाताचं ऐकलं नाही, माझं ऐकलं.

काल गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो गालात हसला. खोलल्यावर हसणं गेलं. किंगपिनभोवतीचं बुश, म्हणजे तिचं कडं, जुन्या जोडव्यासारखं झिजून पातळ झालं होतं. दोन्ही बाजूंच्या पिना नव्या टाकल्या. आज सकाळी पाचोडला निघालो, नात गाडीवर, मधी मी, कडेला तिचा बाप, काटा बघत. आडूळच्या पुलाचा सांधा आला तेव्हा काटा साठवर होता. त्यानं समोरची दांडी घट्ट धरली. खट्ट झालं, बस. स्टिअरिंग जागचं हललं नाही. बरंच पुढं गेल्यावर तो बाहेर बघत म्हणाला, "येताना क्यारेट जास्ती भर. रिकामी गाडी उगं उडती." पोरीनं माझ्या मांडीला चिमटा काढला. मी म्हणलं, "दोन्ही हात स्टिअरिंगवर."

हे कागद मी तिला दाखवणार नाही. दाखवले तर तिला वाटंल, झूट पचतं. ट्रंकेत तुमचा ठोकळा आहे, त्याच्याखाली ठेवते.

पाय पोचत होता, आबा. चांगला पोचत होता. मी पेरू खात होते.