पायाशी बसणारी

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! धाकटी स्टेशनवर आली होती. तिनं एका हातात माझी बॅग धरली आणि दुसऱ्या हातानं जवळजवळ मलाच. त्या लांबलेल्या तापानंतर अंगात त्राण म्हणून उरलेलं नाही. फळ्यावर एक गणित सोडवलं की खुर्ची शोधावी लागते. शाळेनं रजा दिली, बहिणीनं खोली. खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन, पलीकडे माझी खाट. मशीन दिवसभर खडखडतं, तरी त्या आवाजात मला छान झोप लागते. बरं वाटतंय इथे.

७ नोव्हेंबर
धाकटीनं चिनी सुयांच्या उपचाराचं खूळ काढलंय. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं नि मुंगीच्या पावलानं जातं, असं मी ऐकवलं, तर म्हणाली, मग त्या मुंगीला जरा मागून टोचू या. गेलो. सुईवाल्या बाई कमी बोलतात. आधी जीभ पाहिली, मग दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून बराच वेळ नाडी. झोप, भूक, घाम, पोट, सगळं विचारलं. सुया केसासारख्या, टोचलेलं जेमतेम कळतं, मग आत एक बोथट जडपणा येतो. तो आला की सुई नेमकी लागली, असं त्या म्हणाल्या. मग नुसतं पडून राहायचं. एकच रीत विचित्र: घरच्या माणसानं पायाशी बसून घोटा धरायचा. धाकटीनं धरला. मला गुदगुल्या झाल्या, दोघी खूप हसलो.

१२ नोव्हेंबर
आज जिना न थांबता चढले. वर पोचून पाहते तर धाकटी अर्ध्यावर, कठड्याला टेकलेली. कामाचा ताण, म्हणाली. मला कडकडून भूक लागली होती. तिनं ताट तसंच सरकवलं.

१८ नोव्हेंबर
तिच्या शिवणी वाकड्या येताहेत. एका गिऱ्हाइकानं ब्लाउज परत आणून दिला. दुपारी मशीनवरच डोकं टेकून झोपली. मी मात्र सगळं घर झाडून काढलं, पडदे धुतले, तरी दमले नाही. मनात पाल चुकचुकली.

२१ नोव्हेंबर
आजच्या खेपेला बाईंना सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. थकवा नाहीसा होत नसतो, नुसता दुसऱ्यात उतरतो, म्हणाल्या. परक्यात उतरत नाही, म्हणून घरचं माणूस. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल, असंही म्हणाल्या.
धाकटी शेजारीच पेंगत होती.
आणि तरी मी बाईंच्या खाटेवर आडवी झाले, घोटा तिच्या हातात दिला. मला परत तशी व्हायचं नव्हतं. लाज वाटते लिहायला.

२५ नोव्हेंबर
आज धाकटीला उठवेना. तोंड धुवायला न्यावं लागलं. मग तिला सगळं सांगितलं, पाया पडले. बाईंकडे नेऊन तिला खाटेवर झोपवलं, सुया लावून घेतल्या आणि मी पायाशी बसले. तुझी ताकद परत घे म्हणाले. घोटा धरल्याबरोबर हातातून वर — गार, जड —

३० नोव्हेंबर
मशीन पुन्हा खडखडतंय. धाकटी गाणं गुणगुणते. फिटलं, असं मी म्हणाले. तिनं नाही अशी मान हलवली आणि बाईंकडे स्वतःसाठी पुढची वेळ घेतली.

४ डिसेंबर
नको म्हणाले. तिनं हात धरून नेलं. बाई खाली बघून सुया लावत होत्या. धाकटीनं माझे केस विंचरले, भरवलं. प्रेमच आहे तिचं — इतकं हलकं तिला कधी वाटलंच नव्हतं, म्हणते —

डिसेंबर
पेन जड. बोटं घोट्यावर टिकत नाहीत, सुटतात. आता तरी ती मला सोडेल —
धाकटी पट्टा शिवतेय. माझं मनगट तिच्या घोट्याला बांधायला. आतून मऊ अस्तर लावलंय, ताईला काचू नये म्हणून. मापाला हात पुढे कर म्हणते —
नाही म्हणायला तोंड उघडलं, पण