माझ्या बाजूचा ब्रेक

४ मार्च
सात आठवडे इथे काहीही लिहिलं नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. कारण : मान खाली घालून लिहिलं की वर बघताना डोळ्यांपुढे अंधारी येते. (कारण खरं आहे, पण सातही आठवड्यांना पुरत नाही. पहिले तीन निव्वळ आळसाचे.)

जानेवारीत बाथरूममध्ये पडलो. फेब्रुवारीत बँकेच्या रांगेत. काल डॉक्टरबाईंकडे. बसलो असताना प्रेशर नव्वदवर साठ, उभं केल्यावर सत्तरवर काहीतरी. काहीतरी म्हणजे किती, ते ऐकायला मी शुद्धीवर नव्हतो.

उपाय : गोळी दिवसातून तीनदा, मीठ रोज दोन चमचे, पाणी तीन लिटर, पोटऱ्यांना घट्ट मोजे. शिवाय एक वेगळी वही ठेवायची. प्रेशर, मीठ, चक्कर असे तीन रकाने. तिसरा रकाना सलग तीन महिने कोरा राहिला तरच गाडी चालवायची. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

मी एकोणीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो आहे.

५ मार्च
शांतपणे विचार केला. गाडी शिकणारा चालवतो. मी शेजारी बसतो. माझ्या बाजूला फक्त क्लच आणि ब्रेक. चालवू नका, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. थांबवू नका असं म्हणाल्या नाहीत. तेव्हा स्कूलच्या मालकांना सांगण्यासारखं काही नाही. हा युक्तिवाद दोनदा तपासला. पक्का आहे. बायकोला ऐकवला नाही.

८ मार्च
मीठ अर्धं पाण्यातून, अर्धं जेवणात वरून. माझ्या ताटातला ढीग बघून बायको म्हणाली, तुझं वाढेल तेव्हा वाढेल, माझं प्रेशर आत्ताच वाढलं. मुलगी म्हणाली, बाबा, एवढ्या मिठात तू वर्षभर टिकशील. हसलो. उभ्याने हसलो, ते चुकलं. भिंत धरली. नियम : भिंत वेळेवर हाताला लागली तर ती चक्कर मोजायची नाही.

१२ मार्च
गोळी घेतली की टाळूवर मुंग्या चालतात. बायकोने खिडकीपाशी बसवून उवा शोधल्या. सापडल्या नाहीत तेव्हा जराशी हिरमुसली.

गोळीनंतर चार तास आडवं व्हायचं नाही. चक्कर आली की लगेच आडवं व्हायचं. दोन्ही सूचना एकाच कागदावर, दोन्हींखाली रेघ. दवाखान्यात फोन केला. कंपाउंडर म्हणाला, मग गोळीच्या वेळेत चक्कर येऊ देऊ नका.

१९ मार्च
नवीन शिकाऊ : निवृत्त मुख्याध्यापिका, वय त्रेसष्ट. यजमानांची नजर अधू झाली आहे. गाडी दारात कव्हर घालून उभी. त्यांना तपासायला न्यायचं तर दर वेळी कोणाची तरी मनधरणी करावी लागते, म्हणून या वयात शिकताहेत. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला सर. विसाच्या वर काटा जाऊ देत नाहीत.

आज विचारलं, सर, पार्किंगचा सराव रोज पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहासमोरच का? म्हणालो, जागा अवघड आहे. त्या म्हणाल्या, मग गाडी लागण्याआधीच तुम्ही उतरून पळता का?

तीन लिटर पाण्याचा विषय एका महिलेपाशी कसा काढणार? काढला नाही.

२ एप्रिल
ऑफिसात वाहतुकीच्या खुणांचा तास घेत होतो. पंधरा मिनिटं फळ्यापाशी उभा. मग पंखा दिसला. शुद्ध गेली असं म्हणता येणार नाही. पंखा स्वच्छ दिसत होता. छताचा पंखा समोर कसा आला, एवढंच कळत नव्हतं. मुलं म्हणाली, सर, दोन मिनिटं आडवे होतात. मुलांना वेळेचा अंदाज नसतो. मालकांना सांगितलं, उकाडा.

आज मोजे घातले नव्हते. म्हणजे उपचार चालू असताना चक्कर आली असं होत नाही. ती मोजली तर औषधावर अन्याय होईल. रकाना कोरा.

१७ एप्रिल
डॉक्टरबाईंनी वही पाहिली. वा, म्हणाल्या. असंच चालू द्या, दीड महिना राहिला.

घरी येताना अस्वस्थ वाटलं. पण मी खोटं असं काही लिहिलेलं नाही. मी काही लिहिलेलंच नाही.

२९ एप्रिल, संध्याकाळ
बाईंची परीक्षा सोमवारी. म्हणून आज पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यावर नेलं. पंपापाशी थांबायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणी टाळलं होतं. निघण्याआधी टायर बघायला उन्हात उभा राहिलो, मग आत बसलो. बाई, आता चौथा गिअर, एवढं बोललेलं आठवतं.

पुढचं बाईंनी सांगितलं. माझं डोकं खिडकीला टेकलं. त्यांना वाटलं, सर मुद्दाम गप्प आहेत, परीक्षा बघताहेत. तेवढ्यात गाडीचा वेग आपोआप कमी व्हायला लागला. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर पडला होता. मागे ट्रक हॉर्न देत होता. बाईंनी एका हाताने माझी पँट गुडघ्याला धरून पाय उचलला, दुसऱ्या हाताने गाडी कडेला आणली, हँडब्रेक ओढला. मग माझी सीट मागे पाडून माझे पाय वर ठेवले.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोललो ते लिहायची लाज वाटते. बोललो : इंडिकेटर दिलात का?

दिला सर, म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. स्टिअरिंग पुन्हा घट्ट धरलं होतं, त्यांची बोटं सुटेनात. एकेक करून मी सोडवली.

कधीपासून आहे हे, असं बाईंनी विचारलं. सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घरी हे एकटे आहेत सर. मला काही झालं असतं तर ह्यांना दवाखान्यापर्यंत तरी कोणी आणलं असतं?

 

३० एप्रिल
सकाळी मालकांना सगळं सांगितलं.  त्यांनी गाडीची किल्ली मागून घेतली.

बाई आल्या नाहीत. फोन केला, तो यजमानांनी उचलला. म्हणाले, परीक्षा रद्द केली. आता ती गाडीला हात लावणार नाही म्हणते. काल तिच्याच हातून मोठी चूक झाली ना, दोघंही ट्रकखालीच जायचे. तुम्ही होतात म्हणून वाचली म्हणाली. सर, तुमचे उपकार आहेत.

बाईंनी माझी चूक स्वतःवर घेतली होती. तसं यजमानांना सांगायला हवं होतं. मी, काळजी घ्या, म्हणालो.

डॉक्टरबाईंची वही काढली. तिसरा रकाना भरायला बसलो. भिंती, फळा, जिना, काल. इथेही न लिहिलेल्या धरून अकरा झाल्या.

उद्या : बसने बाईंच्या घरी जाणे, आणि चूक कोणाची होती ते त्यांच्या यजमानांना सांगणे.