पूर्वपक्ष आणि पायदळ

३ जून, सोमवार

पायदळात जाणार म्हणे! सकाळी चहाच्या टेबलावर कन्येनं जाहीर केलं. बारावीचा निकाल लागून आठवडा झाला, वर्गात पहिली आली, हव्या त्या कॉलेजात हवा तो विषय मिळतोय — आणि बाईसाहेब बंदूक घेऊन चिखलात रांगणार. विमानात नाही, जहाजावर नाही. पायी.

मी पेपरात तोंड घातलं. आपल्याच बातमीमागे लपायची सोय वार्ताहराला असते. तिथून म्हटलं, चतुरंग सेनेत हत्ती होते, घोडे होते, रथ होते. त्यातलं नेमकं पायदळच का?

"हत्तींची भरती बंद झाली, बाबा."

बायको हसली. नको तिथे हसणं हा तिचा जुना दोष.

भरती चोवीस तारखेला, गावाबाहेरच्या मैदानावर. आमची परवानगी लागत नाही, अठरा पूर्ण झालीत. तरी तीच म्हणाली की तुम्ही दोघं हो म्हणालात तरच जाईन. म्हणजे विचारते आहे. म्हणजे मला नाही म्हणता येतं. म्हटलं, नाही.

तर शांतपणे म्हणते, "नियम."

झालं! आपणच आपल्या पायावर मारून घेतलेला धोंडा. मी शिकलो त्या संस्कृत पाठशाळेत गुरुजींनी शिस्त लावली होती — समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं. हा पूर्वपक्ष. त्यानं मान डोलावली, की मगच आपलं तोंड उघडायचं. लग्नानंतर मी मोठ्या हौसेनं हा नियम घरात आणला. पंख्याचा वेग, सुट्टीचं ठिकाण, भिंतीचा रंग — सगळं याच चाळणीतून गेलं. मांजर पाळायला माझा कडाडून विरोध होता. पण मांजराचा पूर्वपक्ष मी इतका सुरेख मांडला की मांजर घरात आलं. आत्ता ते या पानावर बसायला बघतंय.

४ जून

वाद रविवारी, सोळा तारखेला. मी पायदळाच्या बाजूनं बोलायचं, तिनं कॉलेजच्या. बायको न्यायमूर्ती. ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, संध्याकाळी आमचे. तिला हळूच विचारलं, तुझं स्वतःचं मत काय? म्हणाली, निकालाआधी न्यायमूर्तींना घरी गाठणं हा गुन्हा आहे. म्हटलं, अगं, मी इथेच राहतो.

माझा बेत असा: पूर्वपक्ष मांडायचा, पण एखादी वीट सैल ठेवायची. मग खंडनाच्या वेळी तिथेच बोट घालायचं.

५ जून

बेत फुटला. कन्या म्हणते, ढिलं मांडलंत तर मी मान डोलावणार नाही, जन्मभर मांडत बसा. "मांजराच्या वेळी बोललात ना, तसं बोला."

घरात फितूर कोण? मांजर सोडून आम्ही तिघंच.

७ जून

सुभेदारांना चहाला बोलावलं. वरच्या मजल्यावर राहतात, सगळी हयात पायदळात काढली. हेतू अर्थातच शुद्ध नव्हता. जिन्यातच गाठून सांगितलं, काका, मुलीसमोर जरा भयंकर बोला. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

आणि मग अख्खा चहा संपेपर्यंत मोज्यांवर बोलले! लोकरीचे, सुती, ओले, वाळत न घातलेले. मोजा उलटा घातला तर शिवण बोटाला लागत नाही, हे तर प्रात्यक्षिकासह. कन्या डोळे विस्फारून ऐकत होती. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. एकदा, दोनदा.

"तुझे बाबा खालून लाथा मारतायत," सुभेदार तिला म्हणाले, "म्हणजे काहीतरी भयंकर सांगायचंय. तर ऐक. जेवण भयंकर असतं."

१० जून

अभ्यासाशिवाय पूर्वपक्ष होत नाही, म्हणून आज पहाटे तिच्यासोबत पळालो. पळालो हे क्रियापद इथे औदार्यानं वापरलं आहे.

सुभेदारांनी त्यांची जुनी पाठपिशवी दिली. वजन काय भरायचं? माझ्या खोलीत जड असं एकच — संस्कृत कोशाचे खंड. आयुष्यभर डोक्यात वाहिलेलं ज्ञान पाठीवर घेतलं की त्याचं खरं वजन कळतं. नदीच्या पुलापर्यंत मला स्वरांचे खंड झेपेनात; पुलापलीकडे मी व्यंजनांसकट कठड्यावर बसलो. दूध घालणाऱ्यानं सायकल थांबवून विचारलं, गाव सोडून चाललात काय साहेब?

संध्याकाळी बायकोनं माझे पाय कोमट पाण्याच्या टबात घातले. टाचेला हा भला मोठा फोड. तिनं तो असा निरखला, जणू मी काहीतरी कमावून आणलंय.

"खटल्याआधीच वकील लंगडा झाला," म्हणाली.

१२ जून

आज टिंगल सुचत नाही. लिहून ठेवतो फक्त.

पुन्हा पळायला गेलो होतो. चढावर माझा जीव मेटाकुटीला आला. ही कुठल्या कुठे पुढे गेली असती, पण दर थोड्या अंतरावर थांबत होती. मी चिडून म्हटलं, तू हो पुढे, माझ्यासाठी कशाला थांबतेस?

"पुढे जायचं नसतं तिथे. मागच्याला घेऊन पोचायचं असतं."

हे सुभेदारांचं. मग जरा वेळानं, रस्त्याकडे बघत, तिचं स्वतःचं: "शाळाभर मी एकटी पहिली आले, बाबा. पहिलं येणं म्हणजे सगळ्यांकडे पाठ करून उभं राहणं. मला कंटाळा आलाय त्याचा."

प्रत्येक निकालाला टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत होतो. मला तिचा चेहरा दिसायचा. तिला मागचं काय दिसत नव्हतं, ते आज कळलं.

१३ जून

कोश तिनं स्वतःच्या पिशवीत घेतला, माझ्या पाठीवर रिकामी पिशवी. तरी मागेच.

१४ जून

ऑफिसात एजन्सीची बातमी आली. सरहद्दीवर चकमक, पायदळाचे तीन गेले. अशा बातम्या आजवर कितीतरी लिहिल्या. हीही नेहमीसारखी पाच ओळींत बसवली, शेवटी 'नावे मागाहून' लिहिलं आणि पुढे पाठवली. उपसंपादकानं चहा आणला. तो गार झाला तरी मी तसाच बसून होतो.

घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे? रोजचंच काम.

१६ जून, रविवार

न्यायमूर्ती ओला टॉवेल खांद्यावर टाकून स्थानापन्न झाल्या. मांजर प्रेक्षकांत. सुभेदार साखर मागायला आले आणि साखर न घेता बसले.

मी बोललो. ढिली वीट ठेवली नाही. सापडलीच नाही ठेवायला जागा. पाठ करून उभं राहण्याबद्दल बोललो, चढावर थांबण्याबद्दल बोललो. म्हटलं, हुशार माणसं जिथे तिथे पुढे निघून जातात आणि मग तिथून मागच्यांना उपदेश पाठवतात. या मुलीला मागच्याच्या पिशवीतला अर्धा भार उचलायचा आहे, आणि ते जिथे शिकवतात तिथे तिला जायचं आहे. फोडाचाही उल्लेख केला. सुभेदार नाक ओढत होते; सर्दी असावी.

कन्येनं मान डोलावली. लगेच नाही. आधी उठून पाणी प्यायली, मग.

मग तिची पाळी. माझा पूर्वपक्ष. मला वाटलं, विद्या, करिअर, गुडघे — मी देतो त्याच क्रमानं देईल. तिनं घडी केलेला पेपर काढला. कालचा.

"बातमीवर नाव नसतं, पण बाबांची बातमी मला ओळखू येते. स्वल्पविराम जास्त असतात." मग ती पाच ओळी वाचून दाखवल्या. शेवटचे दोन शब्दही.

"माझ्या बापाला मी कॉलेजातच जावं असं काही नाही," ती म्हणाली. "मी भाजी विकली तरी तो त्यावर सुभाषित करील. त्याला फक्त एवढंच वाटतं, की एक दिवस अशीच बातमी त्याच्या टेबलावर येईल, तो ती पाच ओळींत बसवील, आणि मागाहून आलेलं नाव घरातलं असेल. एवढंच त्याचं म्हणणं. बाकीचं सगळं संस्कृत आहे."

मी मान डोलावली. नियम म्हणजे नियम.

"आता खंडन करा," न्यायमूर्ती म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. कॉलेजच्या बाजूनं बोलायचं होतं. निघालं ते असं: "पण मग मागच्याला घेऊन पोचणार कोण?"

आणि ती त्याच वेळी म्हणाली, "मी नाही जात."

न्यायमूर्तींनी टॉवेलात तोंड लपवलं. हसत होती की काय, ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

१७ जून

जिंकलो!

१८ जून

जिंकलोच की.

१९ जून

विजयाला चव नसते, हे कुणी आधी सांगत नाही. उलटंच लिहिलेलं असतं सगळीकडे.

कन्या कॉलेजचं माहितीपत्रक वाचते. शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे. पळायला जात नाही. माझे पाय मात्र सवयीनं पहाटे उठतात आणि मला उठवतात. आज एकटाच निघालो. जिन्यात सुभेदार भेटले. एकटेच का, म्हणाले. म्हटलं, ती कॉलेजात जातेय.

"अभिनंदन," म्हणाले, पण आवाज असा की मला वाटलं, आता खांद्यावर हात ठेवून धीर देतात की काय.

२१ जून

भरतीच्या जाहिरातीचं कात्रण साखरेच्या डब्यावर विसरलो. म्हणजे, विसरल्यासारखं ठेवलं. संध्याकाळी ते माझ्या चष्म्याच्या घरात घडी होऊन परत आलं. मग मी सहज म्हणून तिच्या खोलीच्या दारात उभा राहून मोज्यांची उलटी शिवण या विषयावर चार वाक्यं बोललो. तिनं मान वर न करता सांगितलं, "बाबा, तुमचा पूर्वपक्ष मांडून झालाय."

बायको इस्त्री करत होती. तिला राहवलं नाही. "समारंभातून एकमेकांच्या चपला घालून आल्यासारखे झालायत तुम्ही दोघं," म्हणाली. "चावतायत दोघांनाही. निदान परत तरी करा."

२२ जून

सरळ विचारलं. कन्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती, तिथे गाठून. का नाही जात?

"तुम्ही मान डोलावलीत म्हणून."

इथे मी बोलायला हवं होतं. मी घाबरतो म्हणून तू थांबायचं नाहीस — एवढं एकच वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. त्याऐवजी मी म्हटलं, कोश अजून तुझ्या पिशवीतच आहे, जागेवर ठेव.

तिनं ठेवला. अनुक्रमानं.

२३ जून, रविवार

संपादकांचा फोन. उद्याच्या भरतीची बातमी माझ्याकडे. पहाटेच मैदानावर पोचायचं. कुणी तरुण पोरगा पाठवा म्हटलं, तर म्हणे, हल्ली तुम्हीच पळता असं ऐकलं. ही बातमी त्यांना कोणत्या वार्ताहरानं दिली?

कन्येला जेवताना सांगितलं, उद्या मी जाणार आहे तिकडे, कामाला. "बरं," म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मी पाणी मागितलं नव्हतं.

बायकोनं माझ्या बॅगेत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या. म्हटलं, एक पुरे. म्हणाली, ऊन असेल.

२४ जून

मैदानाच्या कठड्यावर बसून लिहितोय.

पहाटे तिच्या दाराशी गेलो. रात्री वाक्य जुळवून ठेवलं होतं, चांगलं समासबद्ध. दार वाजवलं आणि म्हटलं, "चल, उशीर होतोय."

दार लगेच उघडलं. बूट घालून, नाड्या बांधून बसली होती.

"आई म्हणाली, बाबा दार वाजवतील. नाहीच वाजवलं, तर बूट काढ आणि झोप."

दुसरी बाटली तिला दिली.