माळ्याचं झाकण तिसऱ्याच मिनिटाला हलतं

३ जून
लेकीने माझ्या कथेचा खून केला! कथा माझी, सिनेमा तिचा. घड्याळजी एकटा राहतो, घरातल्या वस्तू जागच्या हलतात, आणि अगदी शेवटच्या वाक्यात कळतं की माळ्यावर कुणीतरी राहतंय. त्या एका वाक्यावर मी आजवर मिशीला पीळ देत आलो. पोरगी माळ्याचं झाकण तिसऱ्याच मिनिटाला हलवते! "बाबा, नुसतं दचकवून काय होतं? ताटकळत ठेवायला हवं. बघणाऱ्याला सगळं ठाऊक, घड्याळजीला काहीच नाही!"
म्हटलं, मग माझं नाव काढून टाक.

४ जून
अबोला.

९ जून
सिनेमाचा ध्वनिमुद्रक आमच्या माळ्याच्या झाकणाची करकर टिपायला आला होता. सारखा कान देऊन असतो म्हणून मी नाव ठेवलं कानसेन. गुणी पोरगा, बोलणं मऊ. जेवून गेला. छत्री विसरला.

१४ जून
छत्री न्यायला आला. करकर पुन्हा घेतली – म्हणे मागे फ्रिजची घरघर आली होती. जेवून गेला. छत्री इथेच! इतका विसरभोळा माणूस कामाला ठेवतात तरी कसा?

२० जून
लेकीने जेवणाचा प्रसंग दाखवला. माझ्या कथेत एवढंच आहे – तो जेवला. इथे तो जेवतोय, जेवतोय, आणि मागे झाकणाची फट रुंदावतेय. संगीत नाही, फक्त चमचा. माझा चहाचा कप तोंडाशी गेला तो तसाच राहिला. अबोला मोडावाच लागला. "बरं जमलंय," म्हणालो. पोरगी गळ्यातच पडली. मग काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही, बाबा." दमली असेल.

२७ जून
बायकोला म्हटलं, सिनेमा संपला की पोरगी जरा घरी टेकेल. तिच्याशिवाय मला घर खायला उठतं. ही नुसती हसली.

२ जुलै
माझी आरामखुर्ची करकरायची बंद झालीय. तेल कुणी घातलं? शिवाय स्वयंपाकघरात बिनसाखरेचा चहा उकळत होता. आम्ही सगळे गोडखाऊ! "पाहुण्यांसाठी हो," ही म्हणाली. कुठले पाहुणे? घरात कानसेनशिवाय कुणीच नव्हतं.

११ जुलै
पहिला खेळ. थिएटर भरलेलं. जेवणाचा प्रसंग आला आणि मागच्या रांगेतल्या एक बाई न राहवून ओरडल्या, "अहो, मागे बघा ना!" लोक हसले, पण खुर्चीचे दांडे कुणी सोडले नाहीत. शेवट मला पाठ, तरी जीव टांगणीला! माझ्या त्या लाडक्या वाक्याची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही – मलाही नाही. जिंकली पोरगी. ऊर भरून आला, इथे लिहून ठेवतो.
कानसेन तिच्या पलीकडे बसला होता. फारच भित्रा निघाला – शेवटपर्यंत तिचा हात घट्ट धरून!

१२ जुलै
कानसेनचे आईवडील लग्नाची बोलणी करून गेले. मुलगा सोन्यासारखा. मला रडू आलं ते वेगळं.
"आधी तुमचा अबोला, मग सिनेमाची धांदल, सांगणार कधी?" ही म्हणते. हिला ठाऊक. शेजाऱ्यांना ठाऊक. कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक! इतकी माणसं, पण एकालाही ओरडावंसं वाटू नये – अहो, मागे बघा ना!